नकाशातला महू

आमच्या नंदुरबारच्या कार्यालयात ड्रोनची छायाचित्रे जोडून माझा सहकारी, आमचा नकाशेवाला, वनजमिनीचे नकाशे तयार करतो. त्याचे सॉफ्टवेअर एका कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्याच एका बंदिस्त कप्प्यात, चालते. तो त्याला ‘डबा’ म्हणतो. नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून रात्रभराचे काम चहा संपेपर्यंत होते, म्हणून तो संगणकाची पाठ बैलासारखी थोपटतो.

सातपुड्यातल्या एका वृद्धाचे घर नकाशात उमटले नव्हते, आणि घर दिसल्याशिवाय त्याचा जमिनीचा दावा टिकणार नव्हता. तो चौकशीला कार्यालयात आला; छायाचित्रात घरावर मोहाच्या झाडाचा पसारा आला होता. “बाबा, तुन्हं महूनं झाड आडं ई ऱ्हायनं. मशीन खोटं नई बोलस,” नकाशेवाला हसत म्हणाला. शेजारच्या टेबलावरून मीही हसलो.

पंधरवड्याने वृद्ध परतला. “महू तोडला साहेब. आता दिसेल ना घर?”

ड्रोन पुन्हा उडणार नव्हते. ते सांगण्याचे धैर्य आम्हा दोघांतही नव्हते. “बस बाबा, डबा लावस,” म्हणत त्याने जुनीच छायाचित्रे पुन्हा चालवली. चहा संपेपर्यंत नकाशा उघडला. घराच्या जागी महू हिरवागार उभा होता. वृद्धाने त्यावर हलकेच बोट ठेवले.

“हा तर आहे अजून,” तो म्हणाला.

नकाशेवाल्याने त्या दिवशी संगणक थोपटला नाही. मी कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.