शेजारच्या आजोबांचं पक्षांतर

मी आयुष्यात पक्षांतर एकदाच केलं, तेही शेजारच्या बाईंच्या आजोबांच्या वतीने आणि नकली दाढी लावून.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं आणि आम्ही पुण्याहून येऊन न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला रुळलो होतो. गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींना शंभर वर्षांपूर्वीची संसद रंगमंचावर आणायची हुक्की आली. सरकार पक्ष डावीकडच्या बाकांवर, विरोधक उजवीकडे, मध्ये रिकामी जमीन. सरकारचं विधेयक मताला येतं, आणि ऐन वेळी सरकार पक्षाचा एक सभासद उठून ती जमीन ओलांडतो, विरोधकांत जाऊन बसतो. विधेयक एका मताने पडतं. त्या काळी पक्ष नुकते बाळसं धरत होते. फुटणाऱ्याला द्यायच्या शिव्या मात्र आधीच वयात आलेल्या होत्या. प्रेक्षकांनीही त्या द्यायच्या, अशी संहितेतच सोय होती.

पुरुष कमी पडले, म्हणून निम्मं सभागृह दाढ्या लावलेल्या बायकांचं. त्या काळी इथे बायकांना मत होतं, पण सभासद होता येत नव्हतं. आमच्या हॉलमध्ये त्यांनी त्याचा पुरेपूर वचपा काढला.

फुटीराचं काम मी मागून घेतलं. कॉलेजच्या एकांकिकांत मी कायम खलनायक असायचो. तालमीत मिशीला पीळ देत, डोळे बारीक करत असा काही चाललो की सभापतीबाई खुर्चीतून घसरल्या. लेक म्हणाली, "डॅड, यू आर सो एम्बॅरसिंग." ही दाद समजून मी चाल आणखी तिरपी केली.

शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून त्यांनी झाडाच्या फिजोआ फळांची पिशवी दिली, पण हात काढून घेतला नाही.

"तू करतोयस तो माणूस माझा आजोबा," त्या म्हणाल्या.

मी पिशवी कुंपणावर टेकवली.

"गावात कुणाला माहीत नाही. माझ्या आईला शाळेत पोरं उंदीर म्हणायची, पक्ष सोडणाऱ्याला इथे तेच म्हणतात. लग्नात आडनाव बदललं तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला."

"ते फुटले तरी का?"

"त्याच्या मतदारसंघातल्या नदीवर पूल बांधायचं कबूल करून सरकारने अंग काढून घेतलं होतं. पुढच्या निवडणुकीत तो पडलाच. पूल झाला, श्रेय दुसऱ्यांनी घेतलं. मी लहानपणी त्यावरून दूध आणायला जायचे." मग म्हणाल्या, "शिव्या देऊ देत त्यांना. ते खरंच घडलं. फक्त त्याला हसू नये कुणी. मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग सरळ चाला की." सरळ चालणं हा प्रकार माझ्या अभिनयात कधी बसलाच नव्हता. आठवडाभर मी बैठकीच्या खोलीत सरळ चालत होतो आणि बायको हसून बेजार होत होती.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. आता आमच्याकडे प्रयोगाला रंगमंचावर पाऊल टाकताना वाकून जमिनीला हात लावायचा आणि तो कपाळाला लावायचा, हे हाडात मुरलेलं. इथे मात्र पडदाच नाही, विंगा नाहीत. दारं उघडली तेव्हा आम्ही आधीच बाकांवर बसलेलो. नमस्कार राहून गेला. दाढीखाली घाम, पहिल्या रांगेत त्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

मतदान पुकारलं. मी उठलो. "उंदीर," मागून कुणीतरी ओरडलं, आणि हॉलभर हुर्यो उठली. बाकांच्या रांगेतून मी मधल्या मोकळ्या जमिनीवर पाऊल टाकलं, आणि माझ्या अंगाला वाटलं, हाच प्रवेश. मी वाकलो. जमिनीला हात लावला, कपाळाला लावला.

हुर्यो थांबली. तिथल्या कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसला तो एक माणूस, आपली बाजू सोडण्याआधी सभागृहाची क्षमा मागणारा. एक म्हातारा टोपी काढून बसला. उरलेली पावलं मी सरळ टाकली. तिरपं चालायला पायच तयार नव्हते.

नंतर चहाच्या टेबलाशी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका विचारत होत्या, "हा सभासद होता तरी कोण?"

"माझा आजोबा," शेजारच्या बाई म्हणाल्या. कप खाली ठेवून पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने.

मग माझ्याकडे वळल्या. "त्याचा गुडघा धड नव्हता. आणि तो कुणापुढे वाकणाराही नव्हता. हे कुठून आणलंस?"

मी तोंड उघडलं, पण त्यांनी बिस्किटाची बशी पुढे करून मला थांबवलं.

"शनिवारी पुन्हा प्रयोग आहे ना? तेव्हाही वाक."