मी लिहिलेला शेरा

"मॅडमला कागदी कपात दे," मुख्याध्यापक म्हणाले.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी चिनी मातीचे कप भरत होत्या. त्यांचा हात थांबला. ट्रेमध्ये एक कप रिकामा होता. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि कागदी कप शोधायला गेल्या.

मी प्यायले. चहा चांगला झालाय, असंही म्हणाले.

मी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. मग परीक्षा देऊन केंद्रप्रमुख झाले. दहा शाळांचे वर्ग पाहायचे, नव्या शिक्षकांना हात द्यायचा, शेरे लिहायचे. धुळ्याहून स्कूटीवर निघायचे. नरडाण्याच्या पुढे आत वळलं की हे गाव. तिथली ही माझी पहिलीच भेट. मुख्याध्यापक गावातल्या मोठ्या घरचे. सगळे त्यांना नाना म्हणतात. साहेब लोकही.

चहा झाल्यावर नाना मला चौथीच्या वर्गावर घेऊन गेले. तिथली शिक्षिका तीन वर्षांपूर्वी लागलेली. आमच्याच लोकांतली. ती मुलांच्या बोलीतून अपूर्णांक शिकवत होती. हातात भाकरी.

"भाकरना चार कुटका. एक तुना. मंग राह्यनात कितला?"

"तीन!" अख्खा वर्ग ओरडला. एक मुलगी बाकावर उभी राहून म्हणाली, "बाई, मंग तीन चतुर्थांश!"

बावीस वर्षांत इतका चांगला तास मी फार कमी वेळा पाहिला होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर सांगते आहे.

नाना दारातच उभे होते. हसून म्हणाले, "ऐकली भाषा? तुमच्याच लोकांची भरती. आता तुम्हीच लिहा काय ते."

मी लिहिलं. शेरेबुकात, स्वच्छ अक्षरात. "प्रमाणभाषेचा अभाव. वर्गनियंत्रण नाही. सुधारणा आवश्यक." खाली सही, शिक्का.

कशासाठी? हिला पाठीशी घातलं तर म्हणतील जात पाहिली. हिला रगडलं तर मी त्यांच्यातली होईन. इतका साधा हिशेब. कपाचा राग मी तिच्यावर काढला.

ती फाटकापर्यंत मागे आली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही केंद्रप्रमुख झाल्या तेव्हा मी घरी पेढे नेले होते."

एवढंच बोलली. मी स्कूटी चालू केली.

घरी नवऱ्याने विचारलं, कसा गेला दिवस? चांगला, म्हणाले. दोन महिने मी त्या गावाकडे फिरकलेच नाही. दुसऱ्या शाळांमध्ये जाऊन, मुलांच्या बोलीतून शिकवा, असं शिक्षकांना सांगत राहिले. लोक माना डोलवायचे. मला माझाच आवाज ऐकवायचा नाही.

मग केंद्राची शिक्षण परिषद झाली. दहा शाळांचे शिक्षक आले होते. नाना उठले आणि हातात शेरेबुक घेऊन वाचू लागले. "वर्गनियंत्रण नाही. हे मी म्हणत नाही, आपल्या मॅडमच म्हणतात. या बाईंना मी चौथीवरून काढलंय. नोटीसही दिलीय." लोक हसले. ती मान खाली घालून बसली होती. कान लाल झालेले.

मी उभी राहिले.

"तो शेरा खोटा आहे. तास उत्तम होता. मी भिऊन लिहिलं."

नाना म्हणाले, "मॅडम, विचार करून बोला. सही तुमची आहे."

"माझीच आहे. म्हणून मीच सांगते. तुम्ही मला वेगळ्या कपात चहा दिला आणि मी तो प्यायले. मग तुम्हाला हवं ते लिहून दिलं. दोन्ही चुकले."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण खोकला. पुढे माझ्याविरुद्ध तक्रार झाली, खोटा शेरा लिहिल्याबद्दल. तक्रार खरी आहे.

परिषद संपल्यावर मी तिच्यापाशी गेले. माफी मागितली.

ती म्हणाली, "नानांनी तो शेरा मुलांसमोरही वाचला, मॅडम. आता विचारलं तरी तोंड उघडत नाहीत. आपली भाषा बोललं की बाईला नोटीस येते, असं त्यांना वाटतं. माझी माफी मागून काय होणार?"

तिने मला माफ केलं नाही. करूही नये.

चौकशीला मला जिल्हा परिषदेत बोलावलंय. ओळखीचे लोक सांगतात, नजरचुकीने लिहिलं म्हणा, मिटून जाईल. मी तसं म्हणणार नाही. जाणूनबुजून लिहिलं, असंच लिहून देणार. का लिहिलं, कोणासमोर लिहिलं, तेही. माझं पद गेलं तर मी परत वर्गावर जाईन, आणि त्याच शाळेत नेमणूक मागेन. चौथीत. माझ्यामुळे गप्प झालेली ती पोरं मोठ्याने बोलेपर्यंत मी तिथून हलणार नाही.