बावीस घरांची एक मूठ

तिसऱ्यांदा बटण दाबलं. मोटर नुसती घुमली, फिरली नाही. चार सेकंदांत स्टार्टर खट करून बंद पडला. अंगणातल्या सगळ्या माणसांनी आधी मोटरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मिस्त्री, काल दुपारी तर भिंगरीसारखं फिरायलं होतं की वो," गोपाळ म्हणाला. गोपाळ म्हणजे गुंद गावच्या शेतकरी गटाचा अध्यक्ष.

"मला मिस्त्री म्हणायचं न्हाई," मी म्हणालो. "रामनगरात माझं स्वतःचं वर्कशॉप हाय."

"व्हय, वर्कशॉप हाय. खरं मशीन फिरंना की."

सकाळचे अकरा वाजले होते. थ्री-फेज लाईन दहाला आली होती आणि चारला जाणार होती. त्यानंतर दिवे लागतात, पण मोठी मोटर फिरत नाही. अंगणात ताडपत्र्यांवर बावीस घरांचं वर्षभराचं भात रास करून ठेवलं होतं.

हे भात कणगीत न भरता माझ्या मशीनपुढं का आलं, ते सांगायला हवं. आदल्या साली हत्ती गावात शिरले. जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला हत्ती नवा नाही, पण त्या साली त्यांनी शेत सोडून घरं धरली. भाताचा वास लागला की मातीची भिंत त्यांना कुडासारखी. रुक्माक्का नावाची सत्तरीची बाई मागच्या खोलीत निजली होती. पलीकडची भिंत आत आली, कणगी फुटली, वर्षाचं भात चिखलात गेलं. बाई वाचली. म्हणून गटानं सगळ्यांचं भात एकत्र ठेवायला गावाच्या मधोमध काँक्रीटच्या ओट्यावर जाड पत्र्याची मोठी टाकी बसवली. सोळा फूट उंच. हत्तीची सोंड झाकणापर्यंत पोचणार नाही अशी.

पण सोंड पोचत नाही तिथं माणूसही पोचत नाही. गावातली तरणी पोरं गोव्याला कामाला. मागं राहिलेल्या बायकामाणसांनी डोक्यावर पोती घेऊन शिडी चढायची हे शक्य नव्हतं. म्हणून ऑगर.

ऑगर म्हणजे लांब पाइप, आणि त्याच्या आत पाइपाच्याच लांबीचा स्क्रू. सुतार गिरमिट फिरवतो तेव्हा लाकडाचा भुसा आट्यांवरून वर येतो, तसंच. खाली एक पेटी असते, तिला हॉपर म्हणतात. हॉपरमध्ये भात ओतायचं, स्क्रू ते वर नेऊन टाकीत सोडतो. फिरवायला दोन वाटा. एक तर ट्रॅक्टरच्या मागं जो फिरता दांडा असतो, पीटीओ, त्याला जोडायचं. नाहीतर इलेक्ट्रिक मोटर आणि बेल्ट. गावात ट्रॅक्टर एकच, आणि तो हंगामात गणेशगुडीकडं भाड्यानं असतो. म्हणून मी पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली.

मोटर आली होती बेळगावच्या शेठकडून. इथं माझं दुखणं सांगून टाकतो. त्या शेठच्या दुकानात मी अकरा वर्षं फिटर होतो. रामनगर आणि जोयडा भागाची एजन्सी तुला देतो, असं तो दर दिवाळीला म्हणायचा. द्यायची वेळ आली तेव्हा जावयाला दिली. मी विचारायला गेलो तर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "धंदा वेगळा आणि पाना फिरवणं वेगळं. मिस्त्री तो मिस्त्रीच." त्याच दिवशी मी पाना ठेवला आणि रामनगरला शेड घातलं. गुंदचं काम ही माझी पहिली मोठी ऑर्डर. मोटर मात्र त्याच्याचकडून घ्यावी लागली, कारण ती बाकी कुठं मिळेना. दोन तास घासाघीस करून घेतली. शेवटी त्यानं वैतागून दिली होती.

त्यामुळं मोटर घुमायला लागली तेव्हा मला कारण शोधावं लागलं नाही. ते माझ्याकडं आधीपासून तयार होतं. शेठनं भाव उतरवला आणि माल बदलला. जुनी, जळालेली, पुन्हा वाइंडिंग केलेली मोटर रंगवून दिली.

मीटर लावून व्होल्टेज बघितलं. कमी होतं. गाव लाईनच्या शेपटाला, तिथं ते कमीच असणार. पण आदल्या दुपारीही एवढंच होतं, आणि तेव्हा मशीन फिरलं होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. मग एक चूक केली, जी माझ्या हाताखालच्या फिटरनं केली असती तर मी त्याला हाकललं असतं. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटर झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढायला लागली की तो वीज तोडतो. मोटर जळू नये म्हणून. त्याची चकती फिरवून मी ती मर्यादा वाढवली. म्हणजे राखणदाराला सांगितलं, तू जरा डोळे मिट.

बटण दाबलं. मोटर घुमत राहिली. सहा सेकंद, आठ सेकंद. मोटरीतल्या तारांवरचं वार्निश तापल्याचा वास आला. मी झडप घालून बटण बंद केलं.

"आता काय वो?" गोपाळनं विचारलं. "जंगलखात्याचा वाचर सांगून गेलाय, कळप कुळगीच्या बाजूनं हिकडं सरकायलाय म्हणून. आज भात वर गेलं न्हाई तर आम्ही ते परत घराघरात न्यायचं व्हय?"

गुंदमध्ये मोबाइलला रेंज देवळामागच्या चढावरच येते. मी तो चढ चढलो. खाली दिसणाऱ्या भाताकडं बघत शेठला फोन लावला, आणि अकरा वर्षांचं सगळं एका दमात बोललो. भंगार विकलंस, गरिबांचा घास घालवलास, तुझ्या जावयाला नेऊन दाखव ही मोटर. माझ्या तोंडून गेलेले बाकीचे शब्द इथं लिहीत नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "रिले वाढवलास का रे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाढवलास. तुझा स्वभाव मला म्हाईत हाय. पहिल्यांदा तो होता तिथं आण. मग बेल्ट उतरव आणि मोटर मोकळी चालवून बघ. फिरली न्हाई तर उद्या दुसरी घेऊन मी स्वतः येतो. फिरली तर मोटरीकडं बघू नको, पुढं बघ. आणि शिव्या संपल्या असतील तर फोन ठेव, गिऱ्हाईक हाय."

ही तपासणी माझ्या कामाची बाराखडी. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवतो. रागाच्या भरात ती मलाच आठवली नव्हती.

खाली येऊन रिले जागेवर आणला, बेल्ट उतरवला, बटण दाबलं. मोटर सुर्रकन फिरली. एकसारखा आवाज, कुठं खरखर नाही. उत्तम मोटर. शेठनं भाव उतरवला होता आणि माल बदलला नव्हता.

मग ऑगरची पुली हातानं फिरवायला गेलो. हलेना. दोघांनी लावला जोर, तरी हलेना. हॉपरवर लाकडी झाकण होतं. ते काल संध्याकाळी मीच लावून वर दगड ठेवला होता, म्हणून सकाळपासून उघडलंच नव्हतं. दगड बाजूला केला, झाकण काढलं.

हॉपर काठोकाठ भातानं भरलेला. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि एक विडा.

"हे कुणी केलं?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की टाकीच्या पत्र्यातून आवाज परत आला. "कुणाच्या बापाची अक्कल ही?"

मग गर्दीतून रुक्माक्का पुढं आली. हातात सूप.

"बाप मरून चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "अक्कल माझी हाय. काय म्हणायचं ते मला म्हण."

गावात आपसात कोकणी चालते, पण माझ्याशी ती मराठीत बोलत होती, आणि एकेक शब्द मोजून.

"काल तू हे रिकामं फिरवलंस. आम्ही सगळ्या बघत हुतो. रिकामं जातं कुणी फिरवतं व्हय रे? रिकामा पाळणा कुणी हलवतं? धान्याचं भांडं, पहिल्या दिवशी रिकामं गरागरा! गेल्या साली माझी कणगी फुटली. यंदा हे अवलक्षण? म्हणून पहाटे घरटी एक पायली भात घातलं. देवाचं नाव घेऊन."

बावीस पायल्या. पहाटेच्या दवानं ओलसर. हॉपर भरला आणि स्क्रूचे खालचे आटे गच्च दाबले गेले. भरलेला स्क्रू जागेवरून हलवायला जो जोर लागतो, तो कमी व्होल्टेजवर त्या मोटरीत नव्हता. म्हणून ऑगर नेहमी रिकामा सुरू करतात. वेग आला की मग भात सोडायचं. मी हे गावाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, एवढं तर कळतंच.

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. मी खाली बसलो आणि म्हणालो, "अक्का, बैल बसलेला असताना त्याच्यावर पोती लादून मग त्याला ऊठ म्हणता काय तुम्ही?"

"न्हाई."

"हे तसंच हाय. आधी उठू दे, चालू दे. मग लादा पाहिजे तेवढं."

तिनं पाइपाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "पटलं," म्हणाली. "खरं रिकामं न्हाई फिरवायचं. एक पायली ठेवू."

"एक दाणा न्हाई."

"मग शेरभर."

"अक्का, न्हाई म्हणजे न्हाई."

"आमच्या घरात धान्य आमच्या रीतीनं येतं. तुझं मशीन तू घेऊन जा."

मी आयुष्यभर घासाघीस करून पोट भरलं आहे. माणूस कुठं थांबणार ते मला डोळ्यांत दिसतं. ही बाई मागं हटणाऱ्यातली नव्हती, पण सौदा सोडून निघालीही नव्हती.

"एक मूठ," मी म्हणालो. "सगळ्या गावाची मिळून एक. आणि मूठ तुमची, गोपाळची न्हवं." गोपाळचा पंजा फावड्याएवढा होता.

बायकांत हसू फुटलं. रुक्माक्का हसली नाही. "बावीस घरं एका मुठीत कशी मावायची?"

"ते तुम्ही बघा. मी मशीन बघतो."

ऑगरच्या तळाला एक झडप असते, साफसफाईसाठी. तिचे बोल्ट काढले. बायकांनी सुपांनी, हातांनी, एकीनं तर केसांतला आकडा घालून भात उकरून काढलं. आणखी एक तास गेला. मी पुली हातानं फिरवत राहिलो, आणि एकदाची ती एका बोटानं फिरायला लागली. बेल्ट चढवला, त्यावरची जाळी लावली. दीड वाजला होता.

मागं वळून बघितलं तर रुक्माक्का तळहात पसरून उभी. प्रत्येक घरची एकेक बाई येऊन त्यावर चिमूटभर भात ठेवत होती. बाविसावी झाल्यावर तिनं मूठ मिटली आणि हॉपरमध्ये सोडली. माझ्याकडं बघून मान हलवली.

मी बटण दाबलं.

मोटरीनं क्षणभर दम घेतला आणि उचललं. सोळा फुटांवरून, रिकाम्या टाकीच्या तळावर, मूठभर दाणे तडतड वाजले. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "सोडा आता!" मी ओरडलो, आणि टोपल्या रित्या व्हायला लागल्या.

सव्वादोन तास कुणी बसलं नाही. पावणेचारला मी हात वर केला. "ओतायचं बंद!"

"अजून दहा-बारा टोपल्या राह्यल्यात की वो," गोपाळ म्हणाला. "पंधरा मिनिटं हाईत."

"चारला लाईन गेली आणि स्क्रू भरलेला राहिला, तर उद्या पुन्हा आज सकाळसारखंच. बंद करताना बी रिकामा करायचा." हे बोलून मी रुक्माक्काकडं बघितलं. पुन्हा भांडण होणार असं धरून चाललो होतो.

"व्हय, व्हय, करा रिकामं," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर ताट रिकामंच असतं."

उरलेलं भात बायकांनी वाटून नेलं, पहिल्यांदा कांडून खायला. मी स्क्रू मोकळा चालवून बंद केला, टाकीचं झाकण लावलं. थोड्याच वेळात लाईन गेली.

तीन दिवसांनी गोपाळचा फोन आला. हत्ती येऊन गेले. टाकीभोवती फिरले, एकानं पत्र्याला खांदा लावून बघितला. पोचा आला आहे. घरं सगळी उभी आहेत. "आणि रुक्माक्का विचारायल्या, मिस्त्री जेवायला कधी येणार म्हणून." या वेळी मी मिस्त्री या शब्दाला हरकत घेतली नाही. जेवायला गेलो. नव्या भाताची पेज, सुक्या मासळीची चटणी. तिनं बसवून वाढलं आणि एकदाही अवलक्षणाचा विषय काढला नाही. पहाटे तिनं आणि बाकीच्या बायकांनी ते भात घातलं, ते गाव वाचावं म्हणून. आणि तिनं एका मुठीवर ऐकलं नसतं, तर मी मशीन खोलून गाडीत घालून परत गेलो असतो. माझं वर्कशॉप आज आहे ते तिच्यामुळं.

शेठलाही फोन केला. मोटर चांगली आहे म्हणालो, आणि त्या दिवशी वाट दाखवलीत त्याबद्दल उपकार. "मग? माल माझा हुता," एवढंच बोलून त्यानं ठेवला. एजन्सीचं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण आता ते दुखणं मी त्याच्या जागेवर ठेवतो, मोटरीत घालत नाही.

त्यानंतर या भागात आणखी काही ऑगर बसवले. मशीन सुरू करण्याआधी व्होल्टेज बघतो, बेल्ट बघतो, आणि झाकण उघडून हॉपरमध्ये हात घालतो. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलावून विचारतो, "ह्यात काय घालायचं असतं तुमच्यात?" घासाघीस करून मी सौदा एका मुठीवर आणतो. आजवर एकीनंही मुठीपेक्षा कमीवर ऐकलेलं नाही.