दोन बोटं ढिला

ब्रिटनच्या स्की जंपिंगच्या टीममध्ये मी सहा वर्षं होतो, असं सांगितलं की लोक आधी कौतुकाने बघतात आणि मग विचारतात, "ब्रिटनमध्ये तसे बर्फाचे डोंगर आहेत?" नाहीत. म्हणूनच तर मी टीममध्ये होतो. उंच उतारावरून घसरत येऊन स्वतःला हवेत झोकून द्यायला तयार असलेली माणसं देशात इतकी कमी होती, की हाउन्सलोच्या मराठी घरातला, जिन्यावरही धडपडणारा मुलगा त्यांना चालला.

हाउन्सलो विमानतळाला लागूनच आहे, आमच्या छपरावरून दिवसभर विमानं जातात. आई म्हणायची, "त्यांना इंजिन आहे. तुला काय आहे?" मला काहीच नव्हतं. उतारावर खाली एक रेघ आखलेली असते आणि चांगले खेळाडू तिच्या पलीकडे उतरतात. मी सहा वर्षं इमानेइतबारे अलीकडे उतरलो. शेवटी कोचने सांगून टाकलं, या मोसमात एकदा तरी रेघ ओलांड, नाहीतर दुसरं काम बघ. मला दुसरं काही येत नव्हतं. खरं म्हणजे हेही येत नव्हतं, पण जीव त्यातच अडकला होता.

मोसमातल्या शेवटच्या स्पर्धेआधी मी दोन दिवस घरी आलो. सरावात उडीच्या सूटची कमरेची शिवण उसवली होती.

"आई, माझी सूट फाटली."

"माझा सूट. फाटला," आई म्हणाली आणि शिवणाचं मशीन काढलं. माझ्या मराठीतली लिंगं दुरुस्त करणं हे तिचं आयुष्यभराचं काम. लिहिताना मी सांभाळतो, बोलताना सगळा आनंद असतो.

स्पर्धेच्या दिवशी उडी घेतली आणि वाऱ्याने मला उचललं ते खाली ठेवायचंच विसरला. रेघ माझ्या पायांखालून मागे गेली. मी उतरलो आणि गॉगलच्या आत ढसाढसा रडलो. मग एक अधिकारी टेप घेऊन आला. आमच्या खेळात ढिला सूट शिडासारखा वारा धरतो, म्हणून तो अंगाबरोबरच असावा लागतो. माझा कमरेत दोन बोटं ढिला निघाला. उडी बाद.

सूट उलटा केला तर आत आईचे टाके. तिने मला जन्मभर वाढत्या अंगाचेच कपडे घेतले होते. शाळेचा ब्लेझर तर मला अजून मोठाच होतो. मी वजन कमी ठेवायला उपाशी राहतो हे तिला कधी पटलं नव्हतं, त्यामुळे सत्ताविसाव्या वर्षीही तिने मला वाढायला जागा ठेवली होती. मला तिचा भयंकर राग आला. तेवढ्यात तिचाच फोन.

"पोचलास का नीट?"

"पोचलो," मी म्हणालो.

तिला सांगणं शक्य नव्हतं. घरी येऊन म्हणालो, "माझी गुडघा दुखते. आता बास." तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझं वाक्य दुरुस्त केलं नाही. मला वाटलं, थाप पचली. निकाल, बाद होण्याच्या कारणासकट, कुणालाही फोनवर बघता येतो, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नाही.

आता मी विमानतळाजवळ एका गोदामाच्या ऑफिसात काम करतो. दर रविवारी आईकडे जातो आणि ती माझ्या ठणठणीत गुडघ्याला कोमट तेल चोळते. गेल्या रविवारी तिने विचारलं, "कुठला?"

"उजवा."

"मागच्या वेळी डावा होता. जा, कपाटातून जुना टॉवेल आण."

टॉवेलखाली सूट घडी करून ठेवला होता. मी कमरेपाशी उलटून पाहिला. शिवण उसवून दोन बोटं पुन्हा आत घेतलेली होती, त्याच बारीक टाक्यांनी. आता तो कुणी मोजणार नव्हतं. मी सहा वर्षांत एकदाच रेघेपलीकडे गेलो, तेही तिच्या दोन बोटं कापडाच्या जोरावर, आणि तिने ते एकटीने बसून उसवलं होतं.

मी टॉवेल घेऊन बाहेर आलो. ती तेलाची वाटी हातात धरून बसली होती.

"आई, सूट छान शिवली आहेस."

"शिवला आहेस," ती म्हणाली, आणि माझा उजवा गुडघा पुढे ओढून घेतला.