पहिली पोळी कांचनबाईंची

कांचनबाई फणश्यांच्या घरी गार पोळी खाल्लेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं बडोद्याच्या समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत सगळे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. माणूस पानावर बसला की तव्यावरची पोळी थेट त्याच्या ताटात. ती संपत आली की दुसरी हजर. मधे क्षणभर जरी ताट रिकामं दिसलं तरी कांचनबाईंना कुणी तोंडावर अपमान केल्यासारखं वाटतं. सकाळी सगळ्या पोळ्या एकदाच लाटून डब्यात रचून ठेवणाऱ्या बायकांबद्दल त्यांचं मत काय, हे कुणी विचारू नये. विचारायचंच असेल तर आधी खुर्ची ओढून घ्यावी, कारण उत्तर लांबतं.

बाईंची जीभ तिखट. नवरा, मुलगा, सून, दूधवाला, वाटपात कुणावर अन्याय नाही. पण तिखट बोलता बोलता हात तुपाच्या वाटीकडे जायचा, म्हणून कुणी मनावर घेत नसे.

स्वतः मात्र शेवटी. आधी मुलगा अभिजित आणि सून मृदुला. दोघंही अलकापुरीत नोकरीला, साडेआठला निघणारी. मग सुभाषराव. रिफायनरीत जन्मभर शिफ्ट करून निवृत्त झालेले सुभाषराव नवाच्या ठोक्याला पूर्ण जेवतात, आणि जेवतात सावकाश, पेपर वाचत. त्यानंतर ओटा, दूध, देवाची भांडी, कपड्यांचं मशीन. हे सगळं हातावेगळं झालं की ओट्याशी उभ्यानेच दोन पोळ्या. असं कर म्हणून त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. पादऱ्याला माहेरी त्यांनी आपल्या आईला, माईला, तसंच बघितलं होतं आणि तसंच करत आल्या होत्या, बस्स.

घरात साखर आधी सुभाषरावांना आली. मागोमाग कांचनबाईंना. त्यांना बरीच वर्षं एक साधी गोळी होती, जेवण झाल्यावर घ्यायची, आणि तिने कधी कुरबूर केली नाही. दिवाळीनंतरच्या तपासणीत मात्र साखर चांगलीच वर दिसली. डॉक्टर योगिनीबेनने गोळी बदलून दिली. एकाच गोळीत दोन औषधं, सुभाषराव घेतात तीच.

"जेवणाआधी घ्यायची, आणि घेतली की लगेच जेवायचं," डॉक्टरनी सांगितलं होतं. कांचनबाईंनी मान डोलावली होती. जेवण म्हणजे घरातलं जेवण, ते तर नऊलाच. आपण नंतर जे खातो त्याला त्या जेवण म्हणतच नसत. ते आवरण्यातलं एक काम होतं.

सुभाषरावांना तर ही नवी व्यवस्था फारच आवडली. नवाला ते एकाच पाकिटातून दोन गोळ्या काढत, एक स्वतःच्या हातावर, एक बायकोच्या. "चला, भागीदार," म्हणत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायकोने मिळून नेमाने करायचं असं काही उरत नाही. कांचनबाई "पुरे तुमचं नाटक" म्हणायच्या, पण नवाच्या आधी पीठ लागलेला हात धुऊन तयार असायच्या. गोळी घ्यायच्या आणि लगेच तव्याकडे वळायच्या, कारण भागीदार पानावर बसलेला असे.

संक्रांत आली तोवर काहीतरी बिनसलं होतं.

वरणात मीठ दोनदा पडलं. एकदा पडलंच नाही. दहाच्या सुमाराला हात थरथरायला लागायचे, कपाळाला घाम सुटायचा. जानेवारीतल्या थंडीत घाम! गॅसची धग, असं त्यांनी स्वतःला समजावलं. छातीत धडधडायचं आणि असा काही राग यायचा की समोरच्या माणसाला चिमटा फेकून मारावा. एक दिवस त्यांनी तो खरंच फेकला. सुभाषरावांनी पेपरमधून डोकं काढून "मीठ जरा कमी आहे का गं?" एवढंच विचारलं होतं. चिमटा फ्रिजला लागला. दोघंही फ्रिजला पडलेल्या पोच्याकडे बघत राहिले, आणि कांचनबाईंना रडू आलं.

मग एकदा गॅस तसाच राहिला. तवा काळा ठिक्कर, घरभर धूर, आणि बाई खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघतायत. दुपारपर्यंत सगळं पुन्हा ठीक. हेच तर त्यांना उमजत नव्हतं. दुपारी त्या पूर्वीसारख्याच असत, भाजीवाल्याला हिशोबात हरवणाऱ्या. सकाळीच मधेच कुठेतरी त्यांचा पाय घसरत होता.

कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांना माई आठवत होती.

माईचंही असंच सुरू झालं होतं. वाढता वाढता काहीतरी असंबद्ध बोलायची. एकदा आमटीचं पातेलं भरल्या पंगतीत आपटलं. डोक्यावर परिणाम झाला, असं सगळ्यांनी ठरवलं. कांचनबाईंचे भाऊ जयवंतराव, त्यांनी माईला स्वयंपाकघरातून कायमचं बाहेर काढलं आणि पुढच्या खोलीत झोपाळ्यावर बसवलं. प्रेमानेच बसवलं, त्यात खोट नव्हती. माई झोपाळ्यावरून म्हणायची, "एक तरी लाटू दे गं मला." माहेरपणाला आलेल्या कांचनबाई म्हणायच्या, "बस ना माई, निवांत." माई निवांत बसून गेली. आता तो झोपाळा आपल्याकडे सरकत येतोय, अशी भीती कांचनबाईंच्या मनात घर करून बसली होती.

आणि मग एका सकाळी तो प्रकार घडला. सोसायटीच्या फाटकाशी कांचनबाई उभ्या, हातात लाटणं, पायात चपला नाहीत, अंग घामाने चिंब. शेजारच्या मितालीबेन भाजी घेऊन येत होत्या.

"कांचनबेन, शुं थयुं? कुठे निघालात?" मितालीबेन आमच्या बडोद्याच्या रिवाजाने अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलतात.

कांचनबाईंनी लाटण्याकडे पाहिलं, मितालीबेनकडे पाहिलं. "माईला द्यायचंय," त्या म्हणाल्या. माईला जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती.

मितालीबेननी त्यांना हाताला धरून आपल्या घरात बसवलं, आणि घरात माणूस आला की जे करायचं ते केलं. सुखडीचा डबा पुढे केला. "पहेलां आ खाओ, पछी वात. आधी हे खा, मग बोला." गूळतुपाच्या दोन वड्या पोटात गेल्या आणि थोड्या वेळाने कांचनबाईंनी विचारलं, "अगं बाई, मी इथे कशी?" शुद्धीवर आल्या ते बरं झालं, पण वड्यांनी आल्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मितालीबेनना वाटलं, बसल्यामुळे बरं वाटलं.

संध्याकाळी अभिजितने निर्णय सांगितला. बिचाऱ्याचा आवाज कापत होता. "आई, सोमवारपासून स्वयंपाकाला रसोईवाळ्या बेन येतील. तू गॅसपाशी जायचं नाहीस. आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतोय."

"माझ्या ओट्यावर दुसरी बाई?" कांचनबाई म्हणाल्या. एरवी यावर तासभर भांडण झालं असतं. त्या एवढंच बोलून आत गेल्या, आणि त्यांचं ते न भांडणं बघून मृदुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेंदूच्या डॉक्टरांकडे जायच्या आधी नेहमीच्या डॉक्टरांचं मत घ्यावं, म्हणून सुभाषराव त्यांना योगिनीबेनकडे घेऊन गेले. डॉक्टरनी सगळं ऐकून घेतलं. हे नेमकं कधी होतं, विचारलं. गोळ्या कशा घेता, विचारलं.

सुभाषराव खुलले. "त्यात आपली चूक सापडायची नाही, डॉक्टर. नवाचा ठोका, दोघांच्या गोळ्या एकदमच. आजवर एक चुकली नाही."

"आणि जेवता कधी?"

"लगेच! तुम्ही सांगितलंय तसं."

"तुम्हाला नाही विचारलं, काका. काकू, तुम्ही कधी जेवता?"

कांचनबाईंनी पदर सारखा केला. कुणी कधी न विचारलेला प्रश्न होता. "ह्यांचं झालं की मग जरा आवरून... अकरा वाजतात. कधी बारा. चतुर्थी असली की मग रात्रीच."

"आणि गोळी?"

"ती नवाला. ह्यांच्याबरोबर."

सुभाषरावांनी बायकोकडे वळून पाहिलं. रोज गरम पोळी वाढणारा हात त्यांना दिसत आला होता, पण त्या हाताची मालकीण जेवते कधी, हे त्यांनी इतक्या वर्षांत घड्याळात पाहिलं नव्हतं. रिफायनरीत एवढ्या मोठ्या यंत्राच्या प्रत्येक काट्यावर लक्ष ठेवलेला माणूस तो. त्यांची मान खाली गेली.

डॉक्टरनी समजावून सांगितलं. या गोळीतलं एक औषध तुमच्या जुन्या गोळीतलंच, ते तुम्ही उशिरा जेवलात तरी एवढी ओढाताण करत नाही. दुसरं मात्र साखर खाली ओढतं. पोटात अन्न आलंय की नाही याची ते वाट बघत नाही. तुम्ही जेवत नाही आणि ते ओढत राहतं. थरथर, घाम, राग, भ्रम, सगळं त्यातून होऊ शकतं. "मेंदूची तपासणी लागलीच तर करू. आधी हे सुधारू. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, साखर वर जाईल. मी मात्रा कमी करून देते, मूत्रपिंडाची तपासणीही करून घ्या. गोळी घेतली की पुढचं काम एकच, जेवायचं. उपवास असेल तर आधी मला विचारायचं. आणि हात थरथरले की बोटाला टोचून साखर मोजा. मोजायला जमत नसेल तर थांबू नका, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, पाव तासाने पुन्हा बघा, आणि मग नीट जेवा. बेशुद्ध पडल्या तर काका, तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना."

कांचनबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट अडकली होती. "म्हणजे मी ह्यांच्या आधी जेवू? आणि वाढणार कोण?"

"ओटा ठेवायचाय ना, काकू?" डॉक्टर म्हणाल्या. "मग दहा मिनिटं सोडावा लागेल."

अभिजितने महिन्याची मुदत दिली. तोवर आई एकटी गॅसपाशी नको, बाबा सोबत हवेत, आणि सकाळ पुन्हा बिघडली तर रसोईवाळ्या बेन.

दुसऱ्या दिवशी नवाला गोळी गिळून कांचनबाई पानावर बसल्या आणि सुभाषराव पोलपाटासमोर उभे राहिले. त्यांनी लाटलेली पोळी कुठल्याशा बेटाच्या नकाशासारखी होती आणि एका बाजूने कच्ची होती. "ही पोळी आहे?" कांचनबाईंनी विचारलं. "शिफ्टमध्ये हेच करत होतात का?" पण खाल्ली. नवरा उभा, आपण बसलेल्या, प्रत्येक घास पाण्याबरोबर ढकलला.

पुढच्या सकाळी पुन्हा कच्ची पोळी, पुन्हा तासंपट्टी. थरथर मात्र आली नाही. बाई दहा वाजता स्वतःच्या हातांकडे बघत बसायच्या, पाहुणा येणार असल्यासारख्या. तो आला नाही. एकदा जरा धडधडलं, मोजलं, तर साखर चांगली होती, ती नुसती भीती होती. मीठ जागेवर आलं. महिना संपला तेव्हा अभिजितने रसोईवाळ्या बेनला नको म्हणून कळवलं. मृदुलाला वाटलं होतं, सासूबाईंचा रागही साखरेबरोबर गेला असेल. त्याच संध्याकाळी ऑफिसच्या डब्यातून परत आलेल्या अर्ध्या पोळीवरून तिला असं काही ऐकावं लागलं की तिची खात्री पटली, आई पूर्ण बऱ्या झाल्या.

आनंदाच्या त्या दिवशी कांचनबाईंनी पादऱ्याला भावाला फोन लावला.

"दादा, माईला साखरेची गोळी होती ना? कधी घ्यायची रे?"

"सकाळीच," जयवंतराव म्हणाले. "आंघोळ झाली की देवाच्या आधी गोळी. पक्की होती त्या बाबतीत."

"आणि जेवायची?"

"जेवायची काय, सगळ्यांचं झालं की. तुला माहीत नाही का?"

कांचनबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "झोपाळ्यावर बसवल्यानंतर?"

"तेव्हा पहिलं ताट तिचंच असायचं. मीच नेऊन द्यायचो. म्हणून तर नंतर किती छान राहिली ती. एक वेडावाकडा शब्द नाही. आराम मिळाला ना." मग त्यांनी विचारलं, "का गं?"

"काही नाही. सहज."

खरंच तसंच होतं का, हे आता कोण सांगणार? माईची साखर तेव्हा कुणी मोजली नव्हती. भावाला सांगून त्याचा जीव जाळण्यात अर्थ नव्हता. पण शहाणीसुरती माई झोपाळ्यावर बसून एक पोळी लाटायला मागत होती, आणि आपण तिला निवांत बस म्हणत होतो, हे कांचनबाईंच्या मनातून रात्रभर हललं नाही.

सकाळी नवाला सुभाषरावांनी हातावर गोळी ठेवली. "चला, भागीदार." तवा तापला होता. महिनाभराच्या शिव्या फळाला आल्या होत्या. पोळी गोल झाली, टम्म फुगली, वाफ सोडत ताटात पडली. सुभाषरावांनी तिच्यावर तूप सोडलं आणि शाबासकीसाठी वाट बघत उभे राहिले.

कांचनबाईंनी एक घास मोडला. तोंडात घातला. मग नुसत्याच ताटाकडे बघत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी तुपात पडलं.

"काय झालं?" सुभाषराव घाबरले. "हात थरथरतायत का? साखर आणू? का कच्ची राहिली?"

"हो," कांचनबाई म्हणाल्या, "कच्ची आहे." आणि ती पोळी त्यांनी सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत, बसून खाल्ली.