निळ्या नळकांड्यातले पाच जण

शामरावांचा फोनोग्राफ वाजत असताना कुणी उठायचं नाही, असा दंडक होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कप ठेवायला उठलो, तर त्यांनी हाताला धरून खाली बसवलं. "बसा नं बाप्पा! ते वाजवून राहिले अन् तुमी कावून उठता?"

माणूस दर्यापूरचा, झेंडू-शेवंती पिकवून विकणारा. त्यांचे आजोबा कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर फुलं घालत. साहेब जाताना तो चावीचा फोनोग्राफ देऊन गेला. सोबत एकच निळं नळकांडं, पेल्याएवढं. ते फिरू लागलं, सुई टेकली, की भोंग्यातून पाच जणांचा कल्लोळ उसळायचा. मी मोबाईलवर शोधून सांगितलं, शामराव, हे अमेरिकेतलं अगदी सुरुवातीचं जॅझ. वाजवणारे केव्हाच मेले. त्यांना माझी कीव आली असावी. "मेले कोन, मास्तर? हे काय, तुमच्यासमोर वाजवून राहिले! तो पिपानीवाला तेवढा यंदा दमला."

स्प्रिंग सैल झाली असेल, म्हणून मी हसलो. पुढे मलाही ती पिपाणी दमलेली ऐकू येऊ लागली, तेव्हा हसणं सोडलं.

गेल्या पावसाळ्यात, भर दुपारी, ऐन रंगात फोनोग्राफचा चामडी पट्टा तुटला. नळकांडं मध्येच थांबलं. शामराव उभे राहिले, ते बसेचनात. सून सुमन जेवायला बोलावून थकली. "त्यायच्या तोंडाले पिपान्या तशाच हायेत. दम कोंडून उभे हायेत ते. मी कसा बसू?" निव्वळ वेडेपणा, पण त्या खोलीत मलाही बसवेना.

मी नवा पट्टा शिवायला टाकला. तो मिळायच्या आधीच शामराव उभ्याउभ्या कोसळले. अकोल्याच्या दवाखान्यात मी त्यांचा हात धरून बसलो होतो. "पट्टा टाकजा, मास्तर. त्यायले मोकळं करा," एवढं बोलले नि गेले. फार जीव होता माझा त्या माणसावर.

तेरवी झाल्यावर सुमनने बोलावलं. एकटीला ती खोली उघडवत नव्हती. मी पट्टा चढवला, चावी दिली. सुई अडली होती तिथूनच वाजू लागलं. सुमन दाराशी हात जोडून उभी. पिपाणी चढत गेली, ढोल घुमला आणि सगळे एकदम थांबले.

मग कुणीतरी लांब श्वास सोडला. अगदी स्पष्ट.

मी सुमनकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. आम्ही दोघंही श्वास रोखूनच उभे होतो.