वैनींच्या दुधातले थेंब

वैनींच्या गळ्याचं ऑपरेशन लांबलं ते माझ्यामुळं. घरात हे कुणालाच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं त्या वैनींनी कधी तोंडातून काढलं नाही. लाज मात्र मेली अजून जात नाही.

निजामाचं राज्य घालवणारी पोलीस ॲक्शन होऊन चारेक वर्षं झाली असतील. आम्ही चिटगुप्प्याला राहायचो. वैनींचा गळा सुजला, डोळे बाहेर आले, दोन माणसांचं जेवूनही बाई वाळत चालली. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यांना घेऊन हैदराबादेला गेला, सोबतीला मी. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली गाठ नको इतकं काम करते आहे. आधी गोळ्यांनी तिला शांत करायचं, मग कापून काढायची. गोळ्या रोज तीन वेळा. आयोडीनची एक तपकिरी बाटलीही दिली, पण ती ऑपरेशनच्या आधी दहाच दिवस, थेंब दुधात टाकून, आणि गोळ्या चालू ठेवूनच. तारीख पत्रानं कळवणार होते. चिठ्ठी उर्दूत होती. घरातल्या बायकांत शिकलेली मी एकटीच, शहाणी ना! त्यामुळं औषध माझ्या ताब्यात. चिठ्ठीत खाली लिहिलं होतं की थेंबांनी लवकर बरं वाटतं, पण ते टिकत नाही, दुखणं उलटतं. मी ते दोनदा वाचलं होतं.

तेवढ्यात कोहिनूर गावचे पाहुणे मला बघायला येणार असं ठरलं. आमच्या लिंगायतांत पाहुणे आले की जेवणाआधी सगळी मिळून लिंगपूजेला बसतात. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. वैनींचा तो हात इतका थरथरायचा की त्या उजवा हात खाली आधाराला धरायच्या. लिंग हातातून पडणं म्हणजे केवढं अशुभ! पाहुण्यांसमोर तसं झालं असतं तर ती माणसं न जेवताच उठली असती. मला वैनींची काळजी नव्हती, माझ्या लग्नाची होती. खोटं कशाला बोलू?

"वैनी, आजपासनं गोळ्या बंद. आता हे थेंब घ्यायचे."

"पत्र आलं व्हय?"

"व्हय," मी बिनदिक्कत म्हणाले. थेंब असताना गोळ्या कशाला, हे माझं मीच ठरवलं होतं.

त्यांनी दूध पिऊन टाकलं. "अगं बाई, लोखंड चाटल्यावानी लागायलंय," म्हणून हसल्या.

आठवड्यात हात थांबला. पाहुण्यांसमोर वैनींच्या तळहातावरचं लिंग जरासुद्धा हललं नाही. लग्न ठरलं. माझ्या तोंडात साखर घातली ती वैनींनीच, आणि मी ती खाल्ली.

पुढच्या पंधरवड्यात दुखणं उलटलं. अंग तापायला लागलं. छातीची धडधड लुगड्यावरून दिसायची. "जीव जायलाय गं बाई," म्हणत त्या माझाच हात धरायच्या. अण्णानं तशीच मोटार गाठली आणि आम्ही पुन्हा हैदराबादेला गेलो. डॉक्टरांनी नाडी धरली, मग अर्धी झालेली बाटली उचलली.

"ये दवा किसने शुरू करी? मैं खत कब भेजा?"

आता गोळ्याही लवकर लागू पडायच्या नाहीत, आणि अशात सुरी लावली तर बाई टेबलावरच जाईल, असं त्यांनी अण्णाला सुनावलं. वैनींनी माझ्याकडं एकदा बघितलं. पत्र आलंच नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"म्याच घेतले, डाक्टरसाब," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई. बाटली चुकली."

"अडाणी ती अडाणीच!" अण्णा सगळ्यांदेखत ओरडला. "अक्कल कुठं ठेवली होतीस?" वैनींनी मान खाली घातली. मी तिथंच उभी होते. एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं? फार तर लग्न मोडलं असतं.

ऑपरेशन झालं ते आठ महिन्यांनी, मी सासरी गेल्यावर. वैनी वाचल्या, पण दम कायमचा लागला. पाण्याची घागर त्यांनी पुन्हा उचलली नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना अण्णानं नव्या गोळ्यांची पुडी वैनींच्या हातातून काढून माझ्यापुढं धरली.

"हिच्याजवळ राहू दे. ही शिकलेली हाय."

"व्हय, तेच बरं," वैनी म्हणाल्या.

मी पुडी घेतली.